बीजगणित-भूमितीचा गृहपाठ, शिलाई मशीनशेजारी बसून

चाळीसगावात माझं ब्लाउज-ड्रेस शिवायचं दुकान आहे. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. संध्याकाळी सहा वाजले की गल्लीतली चार-पाच पोरं दप्तरं घेऊन सतरंजीवर येऊन बसतात आणि काजं-बटणं करता करता मी त्यांच्याकडून गणिताचा गृहपाठ करून घेते. मी शिक्षिका नाही. दहावीला मार्चमध्ये गणितात नापास झाले होते, ऑक्टोबरला विषय सुटला. मधल्या सहा महिन्यांत एकच गोष्ट शिकले: उदाहरण सुरू कसं करायचं. फळ्यावरचं उदाहरण मला आधीही समजायचं, पण घरी कोऱ्या पानासमोर बसलं की हात चालायचा नाही. आज माझ्यासमोर बसणाऱ्या नव्वद टक्के पोरांचं दुखणं तेच. (नव्वद हा माझा अंदाज, मोजलेलं नाही.)

दहावीला गणिताचे चाळीस-चाळीस गुणांचे दोन पेपर असतात, भाग १ बीजगणित आणि भाग २ भूमिती. पुस्तकात इंग्रजी अक्षरं असतात. मी मनात क्ष आणि य म्हणते, इथेही तसंच लिहिते.

बीजगणितातल्या शाब्दिक उदाहरणापासून सुरू करू. पोरगं उदाहरण वाचतं, दोन आकडे दिसले की लगेच गुणाकार मांडतं. मी पेन काढून घेते. आधी शेवटचं वाक्य वाच, काय काढायला सांगितलंय ते. तेच पहिल्या ओळीत उतरवायचं, आकड्याआधी. समजा, उदाहरण असं आहे: ३ ब्लाउज आणि २ परकर यांची शिलाई ११०० रुपये, १ ब्लाउज आणि ४ परकर यांची ७०० रुपये, तर प्रत्येकाची शिलाई किती? दहातली सात पोरं पहिली ओळ लिहितात, ‘क्ष = ब्लाउज’. इथेच घोळ होतो. ब्लाउज ही वस्तू आहे, क्ष हा आकडा आहे. ओळ अशी हवी: ‘एका ब्लाउजची शिलाई क्ष रुपये आणि एका परकराची य रुपये मानू.’ एवढं लिहिलं की ३क्ष + २य = ११०० हे समीकरण आपोआप खाली उतरतं. दुसरं क्ष + ४य = ७००. पहिल्याला दोनने गुणलं, ६क्ष + ४य = २२००; त्यातून दुसरं वजा केलं, ५क्ष = १५००. क्ष ३००, य १००.

आता ताळा. तो समीकरणात घेऊ नका, मूळ वाक्यात घ्या. समीकरणच चुकीचं मांडलं असेल तर चुकीचं उत्तर त्यात फिट्ट बसतं आणि पोरगं खूश होतं. म्हणून परत उदाहरण वाचायचं: तीन ब्लाउजचे नऊशे, दोन परकरांचे दोनशे, झाले अकराशे. एका ब्लाउजचे तीनशे, चार परकरांचे चारशे, झाले सातशे. मग पान उलटा. (एवढ्या शिलाईत मला परवडतं का, हा प्रश्न एका गिऱ्हाइकाने विचारला होता. परवडत नाही. उदाहरण आहे ते.)

दोन अंकी संख्येच्या उदाहरणातही पहिल्या ओळीचाच प्रश्न. दशकाचा अंक क्ष, एककाचा य, म्हणून संख्या ‘क्षय’, असं लिहिणारी पोरं दरवर्षी भेटतात. हसू येतं, पण पोराचं चुकतं कुठे ते बघा: त्र्याहत्तर लिहिताना आपण सात आणि तीन शेजारी ठेवतोच की. म्हणून मी नोटा पुढ्यात ठेवते. दहाच्या सात नोटा, एक रुपयाची तीन नाणी. किती झाले? सात दाहे सत्तर आणि तीन. मग १०क्ष + य कधी विसरत नाही. उलटी केलेली संख्या १०य + क्ष. दोघींची बेरीज ११० दिली असेल, तर ११क्ष + ११य = ११०, म्हणजे अंकांची बेरीज १०. दशकाचा अंक एककापेक्षा ४ ने मोठा असेल तर ७ आणि ३. त्र्याहत्तर आणि सदतीस, एकशे दहा. झाला ताळा.

सहगुणक अदलाबदल झालेले दिसले की गुणाकार करत बसू नका. २३क्ष + २७य = १२७ आणि २७क्ष + २३य = १२३. एकदा बेरीज करा, एकदा वजाबाकी. बेरीज ५०क्ष + ५०य = २५०, म्हणजे क्ष + य = ५. पहिल्यातून दुसरं वजा केलं की –४क्ष + ४य = ४, म्हणजे य – क्ष = १. य ३, क्ष २. गाइडात हेच सोडवलेलं असतं, पण ‘समीकरणांकडे आधी अर्धा मिनिट नुसतं बघ’ हे त्यात लिहिलेलं नसतं.

वर्गसमीकरणात मला सगळ्यात जास्त छळणारी चूक सांगते. परवाचीच गोष्ट. (क्ष – २)(क्ष – ३) = ६. मुलगी हुशार, नववीला वर्गात दुसरी आलेली. तिने लिहिलं, क्ष – २ = ६ किंवा क्ष – ३ = ६, म्हणून क्ष ८ किंवा ९. मी म्हटलं, आठ घालून बघ. आठातून दोन गेले सहा, आठातून तीन गेले पाच, सहा पंचे तीस. ती गप्प. मग म्हणाली, “पण ताई, शून्य असतं तेव्हा असंच करतो ना आपण?” करतो. कारण दोन संख्यांचा गुणाकार शून्य आला तर त्यातली एक तरी शून्य असावीच लागते. सहा यायला काय, दोन-तीन चालतं, एक-सहा चालतं, अर्धा आणि बाराही चालतं. सहाला तो गुण नाही, तो फक्त शून्याचा. म्हणून आधी कंस सोडवा, सगळं डावीकडे आणा: क्ष² – ५क्ष + ६ = ६, म्हणजे क्ष² – ५क्ष = ०. आणि इथे पुढचा खड्डा. तिने दोन्ही बाजूंना क्ष ने भागलं आणि क्ष = ५ लिहून मोकळी झाली. एक मूळ गायब. क्ष शून्य असू शकतो, आणि शून्याने भागता येत नाही. क्ष सामाईक काढायचा: क्ष(क्ष – ५) = ०, म्हणून क्ष = ० किंवा ५. शून्य घालून बघितलं: उणे दोन गुणिले उणे तीन, सहा. तिने स्वतःच्या हाताने वहीत लाल पेनाने चौकट केली.

अवयव पाडताना मधल्या पदाची फोड जमत नाही म्हणून रडणाऱ्यांसाठी एक साधी सवय. ६क्ष² – क्ष – २ = ० असेल तर पहिला आणि शेवटचा आकडा गुणा, उणे बारा. आता उजवीकडे कच्च्या कामात बाराच्या जोड्या लिहून काढा: १ आणि १२, २ आणि ६, ३ आणि ४. गुणाकार उणे म्हणजे जोडीतला एक अधिक, एक उणे. बेरीज उणे एक हवी. मग उणे चार आणि अधिक तीन. ६क्ष² – ४क्ष + ३क्ष – २, त्यातून (३क्ष – २)(२क्ष + १). तीनच जोड्या आहेत, डोक्यात शोधायची काय गरज? सगळ्या जोड्या लिहूनही जमलं नाही तर सूत्र आहेच. पण सूत्र वापरताना आधी विवेचक काढा, म्हणजे सूत्रात वर्गमुळाच्या आत जे येतं ते. तो ऋण आला तर वास्तव मुळं नाहीत, काम तिथेच संपलं. तरीही वर्गमूळ काढत बसलेली पोरं मी पाहिली आहेत.

अंकगणिती श्रेढी, म्हणजे दर वेळी तेवढाच फरक मिळवत जाणाऱ्या संख्या, शिकवायला माझं दुकान बरं पडतं. सूत्रात ‘न उणे एक’ का येतं हे सरांनी सांगितलेलं असतं, पण टिकत नाही. मी शर्टाची पट्टी पुढ्यात टाकते. सहा बटणं, दोन बटणांत नऊ सेंटिमीटर. पहिल्यापासून शेवटच्या बटणापर्यंत किती? पोरं म्हणतात चोपन्न. टेप लावला की पंचेचाळीस. बटणं सहा, मधल्या जागा पाच. सहाव्या पदापर्यंत जायला सामान्य फरक पाच वेळा मिळवायचा, बस. उलट्या बाजूनेही हेच लागतं. १०० ते ५०० मध्ये ७ ने भाग जाणाऱ्या संख्या किती? पहिली १०५, शेवटची ४९७. फरक ३९२, भागिले ७, छप्पन्न. छप्पन्न या जागा झाल्या. बटणं सत्तावन्न.

अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी यांवर मी जास्त वेळ घालवत नाही, तिथे नीटनेटकेपणाचे गुण आहेत. संभाव्यतेत नमुना अवकाश, म्हणजे येऊ शकणारे सगळे निकाल, पूर्ण लिहा, दोन फाशांचे छत्तीसच्या छत्तीस. सांख्यिकीत सारणीची पट्टीने रेघ मारा. वस्तू-सेवा कराचं उदाहरण असेल तर घरातलं एखादं खरं बिल घेऊन बसा, पटकन कळतं.

आता भूमिती.

भूमितीत पहिली ओळ म्हणजे आकृती. मोठी काढा, निदान अर्धा पान. बटणाएवढ्या त्रिकोणात कोन दाखवायला जागा नसते आणि मग कोन एकमेकांत मिसळतात. आणि त्रिकोण नेहमी तिरपागडा काढा, तिन्ही बाजू वेगळ्या. सवयीने सगळे समद्विभुज काढतात, आणि मग आकृतीत दोन बाजू सारख्या ‘दिसतात’ म्हणून सिद्धतेत लिहून टाकतात. पक्षात, म्हणजे दिलेल्या माहितीत, नसलेलं काहीही आकृतीवरून घ्यायचं नाही. दिलेली मापं पेनाने, आपण शोधलेली पेन्सिलीने. मग शेजारी दोन ओळी: पक्ष आणि साध्य, म्हणजे जे सिद्ध करायचंय ते. उदाहरणात मागितलं नसलं तरी.

समरूप त्रिकोणांची अक्षरं कुठल्या क्रमाने लिहायची, यावर माझ्या दुकानात सगळ्यात जास्त भांडणं होतात. त्यावर एक उपाय आहे, कात्रीचा. जाड कागदावर १३ सेंटिमीटरची रेघ अक काढा. अ पासून ४ सेंटिमीटरवर ड बिंदू. ड मधून सरळ वर ६ सेंटिमीटरचा लंब, त्याच्या टोकाला ब. अब आणि बक जोडा. गुण्या लावून बघा, ब जवळ काटकोन येतो. असे दोन त्रिकोण कापा. एक अख्खा ठेवा, दुसरा बड वरून कापून दोन तुकडे करा. तुकड्यांच्या कोपऱ्यांत अक्षरं दोन्ही बाजूंनी लिहा.

आता लहान तुकडा मोठ्या त्रिकोणावर असा ठेवा की काटकोनावर काटकोन येईल आणि टोकं एका रांगेत बसतील. बसत नाही. कितीही फिरवा. मग पालथा घाला, लगेच बसतो. दुसरा तुकडाही तसाच, पालथा घातल्याशिवाय अख्ख्यावर बसत नाही. पण ते दोन तुकडे एकमेकांवर ठेवायला पालथं घालावं लागत नाही, नुसता पाव वळसा द्यायचा. शिवणकाम करणाऱ्याला हे लगेच कळेल, डाव्या बाहीचं कापड उजव्याला लावताना आपण हेच करतो. कुठल्या कोपऱ्यावर कुठला कोपरा आला ते वाचा आणि त्याच क्रमाने लिहा: त्रिकोण अडब, त्रिकोण बडक, त्रिकोण अबक. आता गुणोत्तर काढायला आकृतीकडे बघायचीही गरज नाही. पहिल्या दोन नावांतली पहिली दोन अक्षरं आणि शेवटची दोन अक्षरं घ्या: अड भागिले बड बरोबर डब भागिले डक. तिरका गुणाकार केला की बडचा वर्ग बरोबर अड गुणिले डक, चार नव्वे छत्तीस, बड सहा. पट्टीने आपण सहाच काढला होता. पुस्तकातलं भूमितीमध्याचं प्रमेय ते हेच. ज्याने एकदा कापून बघितलं त्याने त्याची सिद्धता पाठ केलेली मी पाहिली नाही, तो लिहितोच.

सिद्धता अडली तर दोन्ही टोकांनी बोगदा खणायचा. वरून: पक्षातल्या प्रत्येक शब्दातून काय मिळतं ते लिहा. स्पर्शिका दिसली की स्पर्शबिंदूला त्रिज्या जोडा, काटकोन मिळाला. व्यास दिसला की अर्धवर्तुळातला कोन बघा. चक्रीय चौकोन म्हटलं की समोरासमोरचे कोन मिळून १८०. मध्यगा आणि बाजूंचे वर्ग एकत्र आले की अपोलोनियस. कोनदुभाजक म्हटलं की समोरच्या बाजूचे भाग आणि शेजारच्या बाजूंचं गुणोत्तर. खालून: साध्य खरं ठरायला त्याच्या आधीची ओळ कोणती हवी? दोन रेषाखंड समान दाखवायचे तर बहुतेक वेळा एकरूप त्रिकोण हवेत. कोणते दोन? त्यांच्यात काय समान आहे? एकरूपतेची कुठली कसोटी लागतेय, बाकोबा, कोबाको की कर्णभुजा? आणि प्रत्येक ओळीपुढे कंसात कारण. कारण न लिहिलेली सिद्धता म्हणजे कच्ची शिलाई, ओढली की उसवली.

रचनांना पोरं घाबरतात, ते बहुतेक वेळा बोथट पेन्सिल आणि ढिल्या कर्कटकामुळे. कर्कटकाचा स्क्रू आवळा, पेन्सिलीला टोक काढा, अर्धी भीती जाते. रेषाखंडाचे सात समान भाग करायला तिरकी किरण काढून समांतर रेषा का काढायच्या, हे कळत नसेल तर आमची युक्ती बघा. १७ सेंटिमीटर रुंद कागद आहे, सात सारख्या पट्ट्या हव्यात. सतराला सातने भाग जात नाही. पट्टी तिरकी धरा, शून्य डाव्या काठावर आणि २१ उजव्या काठावर येईपर्यंत. आता ३, ६, ९, १२, १५, १८ वर खुणा करा, त्या खुणांतून काठांना समांतर रेघा मारा. पट्ट्या सारख्या पडतात. घेर पाडताना मी टेप असाच तिरका धरते आणि कित्येक वर्षं मला माहीत नव्हतं की हा समांतर रेषा आणि छेदिका यांचा गुणधर्म आहे.

त्रिकोणमितीत एवढंच: आकृतीत उन्नत कोन निरीक्षकाच्या डोळ्याच्या पातळीशी काढा आणि शेवटी निरीक्षकाची उंची मिळवायला विसरू नका. महत्त्वमापनात त्रिज्या की व्यास ते दोनदा वाचा, आणि पायची किंमत शेवटच्या ओळीपर्यंत घालू नका, मधे खूप काही उडून जातं.

रविवारी मी गृहपाठाबाहेरचं एक उदाहरण देते, आमच्या गावाशेजारचं. चाळीसगावजवळच्या पाटणच्या देवळात १२०७ सालचा शिलालेख आहे; भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवायला त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, मठ काढला त्याची त्यात नोंद आहे. त्यांच्या लीलावतीत बांबूचं उदाहरण येतं. ३२ हात उंच बांबू वाऱ्याने मोडला, शेंडा बुंध्यापासून १६ हातांवर जमिनीला टेकला. किती उंचीवर मोडला? पहिली ओळ: जमिनीपासून क्ष हात उंचीवर मोडला असे मानू. मग मोडलेला तुकडा ३२ – क्ष, आणि तोच कर्ण. पायथागोरस: (३२ – क्ष)² = क्ष² + २५६. इथे निम्मी पोरं डावीकडे १०२४ – क्ष² लिहितात, मधलं पद खातात. मग क्ष²= ३८४ येतं आणि वर्गमूळ सुटत नाही. पाठ झालेलं सूत्र घाईत विसरतंच, म्हणून मी म्हणते, शंका आली की साधे आकडे घालून बघ: दहातून तीन गेले सात, साताचा वर्ग एकोणपन्नास; शंभरातून नऊ गेले एक्याण्णव. जमलं का? नाही. मग नीट मांडा: १०२४ – ६४क्ष + क्ष² = क्ष² + २५६. दोन्हीकडचा क्ष² उडाला, वर्गसमीकरण वाटत होतं ते साधं रेषीय निघालं. ६४क्ष = ७६८, क्ष बारा. वरचा तुकडा वीस. बाराचा वर्ग एकशे चव्वेचाळीस, सोळाचा दोनशे छप्पन्न, मिळून चारशे, विसाचा वर्ग. एका पोराने हे ऐकून झाडूच्या काड्या मोडून बघितल्या, आणि माझा झाडू गेला.

आता न सुटणाऱ्या उदाहरणाचं काय करायचं? पंधरा मिनिटं घड्याळ लावून झगडा. त्यानंतर उत्तरसूची उघडायला माझी परवानगी आहे, पण फक्त उत्तर बघायला, आणि ते घेऊन उलट मागे यायला. गाइडातून उतरवायचं नाही. त्यापेक्षा वहीत जिथवर आलात तिथवर लिहा, खाली ‘इथे अडलं’ लिहा आणि अर्धा पान कोरं सोडा. सरांना दुसऱ्या दिवशी तेवढंच दाखवा. ‘सर, हे येत नाही’ म्हटलं की सर सगळं उदाहरण परत सोडवून दाखवतात आणि आपण परत नुसती मान हलवतो. बोट ठेवून ‘या ओळीनंतर काय’ विचारलं की उत्तर एका वाक्यात मिळतं.

आणि ताळा जमतच नसेल तर आधी पुस्तकातून आकडे बरोबर उतरवलेत का ते बघा. गेल्या मंगळवारी आम्ही साडेआठपर्यंत एका समीकरणाशी झटत होतो, माझे दोन ब्लाउज तसेच राहिले. वहीत ७२ होतं. पुस्तकात २७.